सामाईक गळती

आधीच सांगून ठेवतो, माझी पावसाबद्दल काहीही तक्रार नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो माझ्या जन्माआधीपासून पडतो आहे आणि दापोली तालुक्यात पडण्यापूर्वी त्याने आम्हाला विचारावं अशी माझी अपेक्षा नाही. पत्र्याबद्दलही तक्रार नाही. पत्रा म्हातारा झाला आहे, आणि म्हाताऱ्यांबद्दल तक्रार करायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. माझी तक्रार आहे ती दुरुस्तीबद्दल. घरामागची शेड गळते हे सगळ्यांना मान्य आहे. ती दुरुस्त झाली पाहिजे हेही सगळ्यांना मान्य आहे. एवढं एकमत आमच्यात दुसऱ्या कुठल्याच विषयावर झालेलं नाही, आणि बहुधा त्यामुळेच पुढे काही होत नाही.

शेड सामाईक आहे. ती ज्या जमिनीवर उभी आहे तिच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की उतारा दुसऱ्या पानावर जातो. त्यांतली काही मंडळी हयात नाहीत. पण दुरुस्तीच्या खर्चात हयात नसलेल्यांचा आणि मुंबईत असलेल्यांचा वाटा आजवर अगदी सारखाच आला आहे. शेडमध्ये आंब्याच्या रिकाम्या पेट्या असतात, पेंढा असतो, पावसाळ्याची लाकडं असतात, एप्रिल-मेमध्ये आंब्याची अढी असते. शिवाय मुंबईकरांनी ‘तात्पुरतं’ म्हणून आणून ठेवलेलं सामान असतं: एक बंद पडलेला फ्रीज, एक पाळणा, एक लोखंडी कपाट. त्या कपाटाची किल्ली डोंबिवलीला आहे. छपरातून पाणी येतं ते पेट्यांवर नाही, लाकडांवर नाही, नेमकं त्या कपाटावर. त्यामुळे गळतीला आमच्याकडे कौटुंबिक परिमाण आहे.

पूर्वी शेडवर मंगलोरी कौलं होती. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही कौलं सबंध पश्चिम किनाऱ्यावर पसरली. त्या कौलांत एक मोठा दोष होता. एखादं फुटलं तर तेवढंच काढून दुसरं सरकवता यायचं, आणि हे काम घरातला कुठलाही पोरगा करू शकायचा. साहजिकच त्यात सल्लामसलतीला वाव नव्हता. दुसरा दोष वानरांचा. फणसावरून छपरावर आणि छपरावरून नारळावर असा त्यांचा रोजचा रस्ता असल्यामुळे दरवर्षी मे महिन्यात कौलं परतावी लागत. याला कंटाळून थोरल्या काकांनी १९८० नंतर केव्हातरी कौलं उतरवून सिमेंटचे पत्रे घातले. लोखंडी पत्रा खाऱ्या हवेत गंजतो आणि पावसात वाजतो. सिमेंटचा पत्रा गंजत नाही आणि वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. आमचा पत्रा आजतागायत गंजलेला नाही. आणि तो वाजत नसल्यामुळे पावसाने जोर धरल्याचं आम्हाला थेट कपाटावरून कळतं.

या पत्र्याचा इतिहास मी वाचून काढला आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू आणि सिमेंट एकत्र करून पत्रे बनवायची कृती ऑस्ट्रियाच्या लुडविग हातशेक यांची. १९०१ साली त्यांनी तिचं पेटंट घेतलं. पत्र्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिमेंट असतं आणि उरलेले बहुतेक तंतू. हातशेक यांनी हे पत्रे काढले ते पुठ्ठा बनवायच्या यंत्रावर, ओल्या लगद्याचे थर एकावर एक चढवून. हे वाचल्यापासून आमच्या छपराच्या वागण्याचं मला आश्चर्य वाटेनासं झालं.

पत्रा साधारण सहा मिलिमीटर जाड असतो. तो खालच्या लोखंडी आडव्यांना जे-हुकाने आवळतात, आणि हुकावर डांबरी वायसर बसवतात. भोक पाडायचं ते पत्र्याच्या उंचवट्यावर, खळग्यात नाही, कारण पाणी खळग्यातून वाहतं. हा नियम आमची शेड घालणाऱ्यांना माहीत होता. जिथे जमलं तिथे त्यांनी तो पाळलाही. नट फार आवळला तर पत्रा तडकतो, सैल ठेवला तर भोकातून पाणी येतं. या दोन्हींच्या मध्ये एक योग्य जागा असते, आणि ती प्रत्येक नटाची वेगळी असते. पुढे उन्हाने वायसर सुकतं, तडकतं, निघून जातं. भोक तेवढं राहतं.

आता गळतीचं वेळापत्रक. मृगाचे पहिले दिवस छप्पर गळत नाही. कोरडा पत्रा पाणी पितो. या काळात मुंबईहून फोन आला तर मी खरं तेच सांगतो, आणि “म्हणजे यंदा थांबली वाटतं” असं म्हणून तो विषय कुटुंबाच्या दप्तरात निकाली निघतो. आर्द्रात पत्र्याच्या पोटाला काळे डाग उमटतात. त्याला मिस्त्री गळती म्हणत नाहीत, ओल म्हणतात. आणि ओलीला इलाज नसतो. खरं काम सुरू होतं ते पुनर्वसू आणि पुष्यात, म्हणजे तरणा आणि म्हातारा या दोन पावसांत. तरणा पाऊस सरळ पडतो आणि भोकांतून येतो. म्हातारा वाऱ्याबरोबर तिरका येतो, खालच्या पत्र्यावरून उलटा वर चढतो आणि दोन पत्र्यांच्या जोडातून आत शिरतो. पाणी उताराने खाली जातं हा समज आमच्या शेडमध्ये म्हातारा पाऊस येईपर्यंतच टिकतो.

शिवाय पाणी जिथून आत येतं तिथे पडत नाही. ते आढ्याजवळ शिरतं, पत्र्याच्या पोटाला चिकटून खाली येतं, आडव्याला लागलं की आडव्यावरून बाजूला जातं, एखाद्या वाकलेल्या हुकापाशी थोडं थांबतं आणि मग कपाटावर पडतं. भोक आणि थेंब यांत आठ-दहा फुटांचं अंतर सहज असतं. ठाण्याला राहणारे आमचे एक चुलतबंधू शेडचा फोटो मागवतात, थेंब पडतो त्याच्या बरोबर वर लाल गोल काढतात आणि “इथे बघून घे” असं लिहून परत पाठवतात. तो गोल फार सुबक असतो. त्या जागचा पत्रा सबंध छपरातला सर्वांत धडधाकट पत्रा आहे.

गळती दिसते तेव्हा छपरावर चढता येत नाही. पावसात पत्र्यावर शेवाळ धरतं. शेवाळ नसलं तरी जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेईलच असं नाही. अशा छपरांतून आरपार खाली पडून माणसं मेली आहेत. त्यामुळे पत्र्यावर पाय द्यायचाच नसतो. आडव्यांवर फळी टाकायची, फळीवर राहायचं आणि खाली कुणीतरी उभं असायचं. त्यामुळे पावसात चढायला नकार देणारा मिस्त्री बरोबरच असतो. चढता येतं तेव्हा छप्पर गळत नसतं. मग गणपती येतात. नंतर भातकापणी येते आणि मिस्त्री शेतात असतो. मग आंब्याला मोहोर येतो आणि मिस्त्री फवारणीला जातो. मग आंबा येतो आणि मिस्त्री काढणीला जातो. मेच्या शेवटच्या आठवड्यात आकाशात पहिला ढग दिसला की सबंध तालुक्याला एकाच दिवशी आपापलं छप्पर आठवतं, आणि त्या दिवसापासून मिस्त्री फोन उचलत नाही.

तरीही मिस्त्री मिळालेच नाहीत असं मी म्हणणार नाही. मिळाले, आणि प्रत्येकाची पद्धत एकच होती. वर चढायचं, कमरेवर हात ठेवून चहूकडे बघायचं आणि विचारायचं, “हे कुणी केलं?” आधीच्या माणसाने डांबर आणि गोणपाट लावलेलं असे. डांबर उन्हात वितळतं, थंडीत तडकतं, असं सांगून नव्या माणसाने त्यावर सिमेंटचं पाणी ओतलं. सिमेंट ताठ असतं, पत्रा ऊन-पावसात आखडतो-पसरतो, म्हणून ते सुटणारच, असं सांगून पुढच्याने दोन वड्या मळून बनवायची लुगदी भरली. लुगदी चांगली, पण वरून पट्टी हवी होती, असं सांगून त्याच्या पुढच्याने चंदेरी चिकटपट्टी लावली. पट्टीची चमक बघायला वानरं आली. त्यांनी ती अतिशय व्यवस्थित, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही न फाडता सोलून काढली. सबंध प्रकरणात नीटनेटकं काम झालेलं मी पाहिलं ते एवढंच.

मग शहरातून वॉटरप्रूफिंगवाले आले. त्यांच्याकडे रंगीत पुस्तिका होती आणि दहा वर्षांची गॅरंटी होती. सबंध छपरावर जाळी अंथरून पांढरा लेप द्यायचा, असं ठरत होतं. मी गॅरंटीचा कागद मागून घेतला. इमारतीची हालचाल, वादळ, झाडाच्या फांद्या, नारळ, प्राणी, छपरावर कुणीही चालणं आणि ‘अतिवृष्टी’ या कारणांनी होणारी गळती तीत बसत नव्हती. मी विचारलं, “मग कशाने झालेली बसते?” ते म्हणाले, “नॉर्मल पावसाने.” नॉर्मल पाऊस दापोलीत पडल्याचं मला आठवत नाही, पण पडला तर त्या दिवसापुरते आम्ही सुरक्षित होतो.

लेपाची दुसरी अट अशी की पत्रा स्वच्छ हवा. शेवाळ आणि धूळ तारेच्या ब्रशने घासून काढल्याशिवाय लेप धरत नाही. इथे प्रकृतीचा प्रश्न येतो. अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्रा शाबूत असेपर्यंत तंतू बहुतांशी सिमेंटमध्ये अडकून राहतात. घासला, कापला, फोडला की त्यांची धूळ हवेत जाते. ती फुप्फुसात गेली तर दुखणं दिसायला कित्येक दशकं लागू शकतात. म्हणून असा पत्रा कोरडा घासायचा नाही, ग्राइंडरने कापायचा नाही, ओला करून हळू हात लावायचा, तोही योग्य मास्क लावून; शक्य असेल तर लावायचाच नाही. थोडक्यात, न घासता लेप बसत नाही आणि घासायचं नाही.

ही माहिती कुटुंबाच्या ग्रुपवर एका वहिनींनी टाकली आणि तेव्हापासून मला दोन सूचना नियमित येतात. एक, “त्या पत्र्याला अजिबात हात लावू नकोस.” दोन, “गळतीचं काय झालं?” पुष्कळदा दोन्ही एकाच व्यक्तीकडून येतात, सकाळी एक आणि संध्याकाळी एक.

जगातही या बाबतीत आमच्या घराण्याइतकीच सुसूत्रता आहे. ब्रिटनने १९९९ साली बंदी घातली, युरोपीय संघाने २००५ पासून. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात एका खाणीच्या गावाचं नावच अ‍ॅस्बेस्टॉस होतं. गावकऱ्यांनी मतदान घेऊन २०२० साली ते बदललं. आपल्याकडे १९८६ पासून अ‍ॅस्बेस्टॉसच्या नव्या खाणपट्ट्यांना परवानगी देणं थांबलं. मात्र तंतू रशियासारख्या देशांतून आणून त्यांचे पत्रे करायला आणि ते विकायला हरकत नाही. आपल्या जमिनीतून निघालेला तंतू आपल्याला बाधतो आणि जहाजाने आलेला बाधत नाही, अशी काही सोय त्यात असावी. दुकानदाराकडे चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, तोच पत्रा मिळेल, त्याच मापाचा. नवाकोरा.”

मग नुसते फुटके पत्रे बदलावेत, असा सल्ला आला. वरून बघता हा सल्ला निर्दोष आहे. पण प्रत्येक पत्रा एका बाजूने शेजाऱ्याच्या खाली असतो, दुसऱ्या बाजूने शेजाऱ्याच्या वर असतो, आणि त्याचं डोकं वरच्या पत्र्याखाली अडकलेलं असतं. एक काढायचा तर तीन-चार शेजारी सैल करून उचलावे लागतात. त्यांचे नट चाळीस वर्षांचे. पान्याने फिरत नाहीत, तोडावे लागतात. तोडताना भोकाच्या कडेला चीर जाते. म्हणजे एक फुटका पत्रा बदलला की तीन चिरलेले तयार होतात. ते तीन बदलायचे तर नऊ. आमच्या शेडवर किती पत्रे आहेत ते मोजून मिस्त्रीने सांगितलं, “एक बदलायला घेतला तर सगळे बदलून होतील, फक्त सावकाश.” त्याचा दर रोजंदारीवर होता.

काढलेल्या पत्र्याचं काय करायचं हा स्वतंत्र विषय आहे. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत अ‍ॅस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, यावरून तो कुठेतरी रीतसर नेऊन देता येत असणार. आमच्या गावात भंगारवाला येतो. तो गंजलेला खिळा घेतो, फुटकी बादली घेतो, पण सिमेंटचा पत्रा बघितला की टेम्पो सुरू करतो. परिणामी गेल्या चाळीस वर्षांत फुटलेला एकही तुकडा आमच्या वाडीबाहेर गेलेला नाही. एक कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. एक पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून होता. तो वहिनींच्या फोननंतर मी काढला, तर शेजाऱ्यांनी “तुम्हाला नको असेल तर” म्हणून मागून नेला आणि स्वतःच्या टाकीवर ठेवला. काही तुकडे अळूच्या वाफ्याला कडेने उभे आहेत. गावात कुणाच्या घरी श्राद्ध असलं की अळू आमच्याकडून जातं.

यातून सुटायची एक संधी आली होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडात हजारो घरांची छपरं गेली, बागा मुळासकट आडव्या झाल्या. हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. आमच्या वाडीत तीन घरांवरचे पत्रे उडाले, दोन पोफळीच्या बागा गेल्या, नारळ पडले. शेड जशीच्या तशी राहिली. एक नारळ आला तोही शेजारच्या घराच्या दिशेने गेला. पंचनाम्याला आलेल्या माणसाने शेडकडे बघून विचारलं, “हिला काय झालं?” मी म्हटलं, “गळते.” “वादळाच्या आधीपासून?” मी हो म्हटलं. त्याने वही मिटली. गळती आपत्तीत बसत नाही. आपत्ती अचानक यावी लागते.

गेल्या गणपतीत मात्र हा विषय निकालात काढायचा असं ठरलं. आरती झाली, मोदक झाले, पडवीत सगळे बसले. डोंबिवलीच्या काकांनी कपाटाची किल्ली आणली होती. कपाट उघडलं, आतलं बघितलं आणि कुणी काही बोललं नाही. त्या शांततेत ठाण्याच्या चुलतबंधूंनी प्रस्ताव मांडला. पत्रा काढायचाच नाही, घासायचा नाही, त्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर दोन फूट उंच सांगाडा उभारून रंगीत लोखंडी पत्र्याचं दुसरं छप्पर घालायचं. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीवर असंच केलं आहे. जुना पत्रा जागच्या जागी, झाकलेला. धूळ नाही, कचरा नाही, गळती नाही. मला त्यात एकही खोट काढता आली नाही. वहिनींनी रंग सुचवला. ज्या काकांनी अख्ख्या हयातीत एका गोष्टीला मान डोलावली नव्हती त्यांनीही मान डोलावली. खर्च सातबाऱ्यावरच्या नावांप्रमाणे विभागायचा, हयात असलेल्यांत, असंही ठरलं. चाकरमानी गौरी-गणपती विसर्जन करून परत गेले आणि मी मिस्त्रीकडून अंदाजपत्रक मागवलं.

अंदाजपत्रक आलं. पहिली बाब: ‘जुन्या पत्र्याची गळती काढणे.’

मी मिस्त्रीला फोन केला. आश्चर्य म्हणजे त्याने उचलला. मी विचारलं, “वर नवं छप्पर येणार, मग खालचं कशाला दुरुस्त करायचं?” तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, नव्या पत्र्याला स्क्रू येतात. प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती. उन्हाने रबर कडक होतं. उद्या तिथून पाणी आलं तर पडणार कुठे? जुन्यावर. मग जुना आधी नीट नको?”

हा युक्तिवाद मी ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. तो सगळ्यांना पटला. काकांनी अंगठा दाखवला, वहिनींनी दोन. ठाण्याहून लाल गोल काढलेला फोटो नव्याने आला. फक्त हिशेबाच्या सोयीसाठी एक गोष्ट बहुमताने ठरली आणि ती मला कळवण्यात आली: वर्गणी काढायची ती नव्या छपराची, कारण ते बांधकाम आहे. पहिली बाब ही दुरुस्ती आहे, आणि दुरुस्ती जो तिथे राहतो त्याने करायची असते. ती झाली की कळव, म्हणजे वर्गणीला सुरुवात करू.